तापीवर चार दिवस राहायला



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय तसा घरगुती, पण घरातल्या घरात संपणारा नाही, म्हणून इथे मांडते. मत पटले नाही तर तसे मोकळेपणाने सांगावे. पस्तीस वर्षे वर्गात उभी राहिलेय, उलट उत्तरांची सवय आहे!

आमची धाकटी लेक न्यूझीलंडमध्ये असते. २०२५ च्या जानेवारीत (तिकडे तेव्हा उन्हाळा असतो आणि शाळांना सुटी) ती, जावई आणि दोन्ही नातवंडे, अशी चार माणसे दोन होड्या घेऊन वांगानुई नावाच्या नदीवर गेली आणि पाच दिवस नदीवरच राहिली. दिवसभर वल्हवायचे, दुपार कलली की काठावर तंबू ठोकायचा, खिचडी शिजवायची, झोपायचे आणि सकाळी पुन्हा होडीत बसायचे. नात तेरा वर्षांची, नातू दहाचा.

फोटो आले आणि आमच्या गोतावळ्यात चर्चा सुरू झाली. धुळ्याचे दीर म्हणाले, "वहिनी, पैसे मोजून हाल विकत घ्यायचे म्हणजे कमालच आहे!" जाऊबाई म्हणाल्या, "लेकरांना असं पाण्यात नेतात का? देवानेच राखलं म्हणायचं." आणि भाचा म्हणाला, "मावशी, तिकडच्या नद्या तशा असतात. आपल्याकडे कुठे जमणार?"

पहिल्या दोघांचे बोलणे मी हसण्यावारी नेले. भाच्याचे वाक्य मात्र डोक्यातून जाईना. आपल्याकडे कुठे जमणार! का नाही जमणार? आणि जमत नसेल, तर ते कोणी होऊ दिले? माझे मत आधीच सांगून टाकते. खान्देशातल्या एखाद्या साध्या कुटुंबाला लेकराबाळांसकट तापीवर चार दिवस होडीने जाऊन राहता आले पाहिजे. तसे राहता येत नसेल, तर नदीचे आपण काय करून ठेवले आहे ते मोजायला याहून चांगले माप नाही.

आधी ती सहल नेमकी काय होती ते सांगते, कारण फोटोंवरून गैरसमज होतो.

वांगानुई ही न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरची नदी. टोंगारिरो पर्वताच्या उतारावर उगम पावते. लांबी २९० किलोमीटर, म्हणजे आपल्या तापीच्या निम्म्याहूनही कमी. टाउमारुनुई ते पिपिरिकी हा १४५ किलोमीटरचा टप्पा लोक होडीने पाच दिवसांत करतात. तिथल्या निसर्ग संवर्धन खात्याने देशातल्या उत्तम पायवाटांची एक यादी केली आहे, तिला 'ग्रेट वॉक्स' म्हणतात. त्या यादीत ही नदीसुद्धा आहे. सगळा प्रवास पाण्यावरून, तरी नाव पायवाटांत! मला हे फार आवडले. नदी म्हणजे ओलांडायची अडचण असे न मानता, तीच एक वाट आहे असे त्यांनी धरले आहे.

होडीचे दोन प्रकार असतात. कयाक म्हणजे आत पाय लांब करून बसायची अरुंद होडी, तिचे वल्हे दोन्ही टोकांना पसरट असते. कनू म्हणजे वरून उघडी होडी, वल्हे एका टोकाला पसरट आणि सामानाला भरपूर जागा. आमच्या मंडळींनी दोन कनू घेतल्या. एकीत लेक आणि नात, दुसरीत जावई आणि नातू. सामान झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत भरायचे आणि पिंपे होडीला बांधून टाकायची, म्हणजे होडी उलटली तरी पीठमीठ कोरडे राहते. लेकीने तांदूळ, मुगाची डाळ, भाजणी, दाण्याची चटणी आणि मी पाठवलेला कळण्याचा आटा नेला होता. वांगानुईच्या काठी कळण्याची भाकरी भाजली गेली, हे जाता जाता सांगून ठेवते.

मला खरे कौतुक वाटले ते तिथल्या व्यवस्थेचे. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या, त्या आधी नोंदवाव्या लागतात. तिथे पत्र्याच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवलेली टाकी, ते उकळून प्यायचे. साधा खड्ड्याचा संडास. आपला कचरा आपणच बरोबर न्यायचा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाऊल नाही. नदीला पाणी चढले असेल तर निघायचे नाही. यांचाही निघायचा दिवस पावसामुळे एकाने पुढे गेला. दोनशेहून जास्त लहानमोठे खळाळ त्या वाटेत लागतात. त्यांतल्या एकात जावयांची होडी उलटलीच. अंगात जॅकेट होते, दोघेही वर आले, होडी काठाला ओढली, पाणी उपसले आणि पुढे निघाले. नातू तेवढे म्हणत होता, "आजीला सांगू नका."

वाटेत टिएके नावाचा मुक्काम लागतो. ती माओरी लोकांची जागा आहे. तिथे उतरणाऱ्याने त्यांच्या रीतीने वागायचे असते. हे लोक नदीला पूर्वज मानतात. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडून २०१७ साली तिथल्या संसदेकडून कायदा करून घेतला आणि ती नदी कायद्याने 'व्यक्ती' झाली. तिच्या वतीने बोलायला दोन पालक नेमतात, एक सरकारचा आणि एक त्या लोकांचा. योगायोग पाहा, त्याच मार्च महिन्यात आपल्या उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला असाच दर्जा दिला होता. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

म्हणून ती नदी अगदी सोवळ्यातली आहे असे समजू नका. वीजनिर्मितीसाठी तिच्या उगमाकडचे पाणी दुसरीकडे वळवले आहे. शेतातली माती येऊन पाणी गढूळ होते. मोटारबोटीही फिरतात. सांगायचे एवढेच की नदीवर धरण आणि माणूस दोन्ही असूनसुद्धा एक कुटुंब तिथे पाच दिवस सुखाने राहू शकते.

परत आल्यावर नात फोनवर काय म्हणाली ते ऐका. "आजी, पहिल्या दिवशी मला सगळं पाणी सारखंच दिसत होतं. पाचव्या दिवशी नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की वळणापलीकडे खळाळ आहे."

हे ऐकले आणि मला साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला.

माझे आजोळ शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी. १९६० च्या आसपासची गोष्ट. मावशी पलीकडच्या काठाला दिलेली. पूल लांब, म्हणून नावेने जायचे. नावाडी म्हातारा होता, आम्ही त्याला बाबाच म्हणायचो. मी नावेच्या कडेला घट्ट धरून बसले की तो म्हणायचा, "भेवानं नही पोरी, पानीनी खोड वळखानी." पाण्याला भ्यायचे नाही, पाण्याची खोड ओळखायची. पाण्याच्या रंगावरून तो डोह कुठे आणि उतार कुठे ते सांगायचा. कुठे भोवरा धरतो, कुठे खाली खडक आहे, पूर ओसरल्यावर वाळूची दांडी कुठे सरकली, सगळे त्याच्या जिभेवर असे. शाळेचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते.

माझ्या नातीला पाच दिवसांत त्या ज्ञानाचा एक कण मिळाला, तोही समुद्रापलीकडे. आणि तापीकाठच्या मुलांना? मी शाळेत भूगोलही शिकवत असे. तापी मुलताईला उगम पावते, लांबी ७२४ किलोमीटर, त्यांतले मध्य प्रदेशात २८२, महाराष्ट्रात २२८, गुजरातेत २१४, पश्चिमवाहिनी नदी, सुरतेजवळ समुद्राला मिळते. मुले हे धडाधडा लिहीत आणि गुण मिळवत. मग मी विचारी, तापी कोणी कोणी पाहिली? सगळे हात वर. कुठून पाहिली? "बाई, पुलावरून!" पाण्यात कोण कोण उतरले? दोन-तीन हात. त्यांत मुलगी क्वचितच.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. पुढे हतनूर धरण आणि त्याचे ते ४१ दरवाजे, जे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात असतात. मग भुसावळ, शेळगावचे बॅरेज. वाटेत गिरणा, बोरी, अनेर येऊन मिळतात. मुडावदला पांझरा मिळते, तिथे कपिलेश्वराचे देऊळ आहे. त्याखाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा ही तीन बॅरेजेस एकापाठोपाठ एक आहेत. पावसाळा संपला की त्यांचे दरवाजे बंद होतात आणि पाणी मागे तुंबून लांबच लांब संथ जलाशय तयार होतात. प्रकाशाला गोमाईचा संगम आणि केदारेश्वर, ज्याला आपण दक्षिण काशी म्हणतो.

माझ्या मनातली वाट ही मुडावद ते प्रकाशा. काळ मार्गशीर्षाचा. पाऊस गेलेला, पाणी भरलेले, थंडी बेताची. एकाही खळाळाशी झुंजायचे नाही, संथ पाण्यावर रोज सावकाश वल्हवत जायचे, म्हणजे लहान मुलांना अगदी योग्य. चार-पाच दिवसांत आरामात होईल. शिवाय दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार असतो. लोक रस्त्याने घोडे घेऊन येतात, आपण पाण्यावरून यायचे!

मुक्काम करणे आपल्याला नवे आहे असे कोणी म्हणू नये. नर्मदा परिक्रमेला जाणारी माणसे आपल्या नात्यागोत्यात आहेत. पडेल तिथे पथारी टाकून, मिळेल तो शिधा शिजवून ती महिनोन् महिने चालतात. आणि हिवाळ्यात शेतात जाऊन काट्याकुट्यांच्या आगीवर वांगी भाजून केलेली आपली भरीत पार्टी म्हणजे दुसरे काय असते? तंबू तेवढा नसतो.

आता आक्षेप. वर्गात असते तर फळ्यावर मांडले असते.

पहिला आक्षेप, तापी ही नावांची नदीच नाही. बरोबर आहे. गलबते सुरतेपर्यंत यायची, तिथून वर माल आणि माणसे खुष्कीने नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला जायची. उन्हाळ्यात तापीचे पात्र म्हणजे खडक, वाळू आणि मधून मधून डोह. तेव्हा त्या वाळूत टरबूज-डांगरांच्या वाड्या लागत. पण कनूला पाणी लागते वीतभर. आणि आता बॅरेजेसमुळे हिवाळ्यात पाणी वीतभरापेक्षा पुष्कळ जास्त आहे. अडचण आहे ती बॅरेज ओलांडायची. तिथे होडी काठाला लावून, उचलून पलीकडे न्यावी लागेल. कॅनडात तळ्यांच्या मुलखात लोक शतकानुशतके होड्या डोक्यावर घेऊन एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जात आले आहेत. आपल्याकडे प्रत्येक बॅरेजच्या बाजूला एक साधा उतरता सिमेंटचा धक्का आणि पायवाट झाली तरी पुरे. ती आधी आपल्या भोई आणि कोळी बांधवांच्या उपयोगी पडेल, आपण तर चार दिवसांचे पाहुणे.

दुसरा आक्षेप जिवाच्या भीतीचा. यावर मात्र मला जरा सविस्तर बोलायचे आहे.

मी नोकरीला होते त्या गावाशेजारून नदी जात होती. १९९० नंतरच्या दशकात एका सप्टेंबरात माझ्या वर्गातला नववीचा मुलगा नदीत बुडून गेला. त्याला थोडेफार पोहता येत होते. जिथे वर्षानुवर्षे गुडघाभर पाणी असायचे तिथे वाळू उपसून पुरुषभर खड्डा झालेला होता आणि वरून पाणी तसेच शांत दिसत होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याचा क्रमांक आला. मी थांबले. वर्गात कोणी हूं की चूं केले नाही.

त्यानंतर शाळेत सभा झाली. मी म्हटले, गावातल्या जुन्या नावाड्याला बोलवू, दर रविवारी मुलांना पोहायला शिकवू, कुठे खड्डे आहेत तिथे बांबू रोवू. उत्तर मिळाले, "बाई, उद्या काही झाले तर जबाबदारी कोणाची?" आणि फाटकावर पाटी लागली, विद्यार्थ्यांना नदीकडे जाण्यास सक्त मनाई आहे. पाटीने मुले थांबली का? ती चोरून जाऊ लागली. म्हणजे मोठ्या माणसाच्या नजरेआड जाऊ लागली. माझ्या मते मनाईने धोका वाढला.

आपल्या देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडच्या वर्षांचे आकडे सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. त्या दिवशी आपल्या किती शाळांत एक तास तरी यावर होतो?

आणि हे आपल्याला बाहेरून कोणी शिकवायला हवे अशातला भाग नाही. साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. त्या पुस्तकात श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो आणि ती मायाळू आई हातात काठी घेऊन त्याला बाहेर काढते, पोहायला पाठवते. ते प्रकरण आपण सगळ्यांनी वाचले, डोळे पुसले, वर्गात शिकवले. आणि लेकराला पाण्याजवळ जाऊ नको म्हणून बजावले! ती आई मला वाटते आपल्यापेक्षा शहाणी होती. मूल पाण्याच्या शेजारी वाढणार असेल तर त्याला पाणी आले पाहिजे, हे तिला कळत होते. मी तर म्हणते मुलींना आधी शिकवा. धुणे धुवायला, पाणी भरायला, वाळवंटातल्या वाडीवर राबायला बाया जायच्या आणि पोहणे पोरांनी शिकायचे, हा कुठला न्याय?

होडीची सहल म्हणजे बेफिकिरी असे जाऊबाईंना वाटले. मला उलटे दिसते. त्या चार माणसांनी निघण्याआधी पोहण्याची परीक्षा दिली, हवामान पाहिले, जॅकेटे घातली, उलटलेली होडी सावरण्याचा सराव केला. आपल्याकडे सेल्फी काढायला बंधाऱ्याच्या भिंतीवर चढतात, पोहता न येणारी पोरे विसर्जनाला छातीभर पाण्यात उतरतात. बेफिकीर कोण?

तिसरा आक्षेप घाणीचा. यावर माझ्याकडे बचाव नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ पट्टे प्रदूषित ठरवले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्या यादीत तापी आहे, गिरणा आहे, पांझराही आहे. पांझरेवर तर शेकडो वर्षांची फड पद्धत. बंधाऱ्याच्या पाण्याची गावाने मिळून वाटणी करायची, भांडण झाले तर गावानेच मिटवायचे. ज्या नदीने आपल्याला एकत्र नांदायला शिकवले तिच्यात आपण गटार सोडले.

पण याच कारणासाठी सहल हवी, असे माझे म्हणणे आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला आपण तापीची जयंती करतो, तिची ओटी भरतो. भक्ती खरी आहे, मी स्वतः जाते. पण ओटी भरून पंधरा मिनिटांत आपण परत रिक्षात बसतो. पंधरा मिनिटे नाक दाबून निघतात. चार दिवस नाही निघत. ज्या पाण्यात आपल्या लेकराचा हात दिवसभर बुडणार आहे, ज्या काठावर रात्री झोपायचे आहे, त्या पाण्यात कोणाचे काय सोडलेले आहे हे माणूस विचारल्याशिवाय राहणार नाही. वर म्हटलेला तो 'व्यक्ती'चा दर्जा मला त्यासाठीच दुय्यम वाटतो. कागदावर व्यक्ती ठरवा, जरूर ठरवा. पण जिच्याशी ओळखच नाही तिच्यासाठी भांडायला कोण उभे राहणार? वांगानुईच्या लोकांची ओळख आधीची, कायदा नंतरचा.

चौथा आक्षेप भाच्याचाच. "मावशी, हे पैसेवाल्यांचे खेळ. एकदा सुरू झाले की रिसॉर्ट येईल, डीजे येईल, काठावर बाटल्या पडतील." ही भीती मलाही आहे. म्हणून मी 'पर्यटन विकास' हा शब्द मुद्दामच वापरला नाही. मला मोटारबोट नको, रोषणाई नको, पाण्यात उभे केलेले हॉटेल नको. ठरावीक जागा, ठरावीक माणसे, कचरा परत न्यायची सक्ती. वाटाड्या म्हणून काठच्या भोई-कोळ्यांतला माणूस, त्याला रोजचे रीतसर मानधन. हे लोक आज थर्माकोलच्या तुकड्यांवर आणि ट्यूबवर बसून जाळी टाकतात, अंगात जॅकेट नाही. कुटुंबाच्या सहलीसाठी जो नियम करू तो त्यांनाही लागू होऊ दे, त्यांनाही जॅकेट मिळू दे. आणि होड्या म्हणजे केवळ धनिकांची हौस, असेही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९२८ पासून बोट क्लब आहे, विद्यार्थी स्वतः कयाक वल्हवतात, दरवर्षी 'रेगाटा' भरवत आले आहेत. आमच्या जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांना तापीची आठवण का होऊ नये?

तर माझे माप असे आहे. एका कुटुंबाला चार दिवस तापीवर राहायचे असेल तर काय काय लागेल? पाण्यात हातपाय धुता आले पाहिजेत, म्हणजे गटारे शुद्ध होऊन आली पाहिजेत. पात्राचा तळ ओळखीचा पाहिजे, म्हणजे वाळूचा चोरटा उपसा थांबला पाहिजे. दरवाजे कधी उघडणार ते आधी कळले पाहिजे आणि ते घाटावरच्या फळ्यावर ठळक लिहिलेले पाहिजे. रात्री बाईमाणसाला काठावर निर्धास्त झोपता आले पाहिजे. मुलांना पोहता आले पाहिजे. यांतली एक तरी गोष्ट अशी आहे का, जी फक्त सहलीला जाणाऱ्याच्या फायद्याची आहे? शेतकरी, मासेमार, घाटावर येणारी म्हातारी, शाळकरी पोर, सगळ्यांना हेच हवे आहे. म्हणून म्हणते, ज्या दिवशी एक साधे कुटुंब बिनधास्त तापीवर चार दिवस राहील, त्या दिवशी नदी सुधारली असे समजावे. अहवाल नंतर वाचू.

सरकार हे सगळे करील तेव्हा करील. आपल्या हातात आहे ते सांगते.

एक, या उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येक लहान मुलाला आणि मुलीला पोहायला घाला. तलावात, विहिरीत, जिथे शिकवणारा जाणता माणूस असेल तिथे. वय दहाच्या वर गेले असेल तर उशीर झाला असे समजा. दोन, आपल्या गावाच्या नदीवर पोहण्यात मुरलेला एखादा म्हातारा अजून असेल, त्याच्यापाशी बसा आणि डोह, उतार, खडक यांची नावे वहीत लिहून घ्या. ही नावे कुठल्याही नकाशात नाहीत आणि माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तीन, शाळेत शिक्षक असलेल्या माझ्या भाच्या-पुतण्यांना सांगणे आहे की वर्षातून एकदा वर्ग नदीवर न्या. पुलावर नको, पाण्याजवळ.

मी स्वतः काय करते आहे, असा प्रश्न येणारच. पुढच्या मार्गशीर्षात लेक सहकुटुंब येते आहे. चार दिवसांची वाट आज तयार नाही, म्हणून आम्ही एकच दिवस ठरवला आहे. प्रकाशाच्या वर, संथ पाण्यात, तिथल्या एका मासेमार कुटुंबाच्या नावेतून, सकाळी निघून दुपारी परत. जावयांनी सांगितलेल्या मापाची सहा लाइफ जॅकेटे मी मागवून ठेवली आहेत. चार त्यांची, एक नावाड्याचे, एक माझे. ती दुपार झाली की जॅकेटे तिथेच नावाड्याच्या घरी ठेवायची. शिदोरीला भरीत आणि कळण्याची भाकरी.

धुळ्याच्या दिरांना अजून बोलावलेले नाही. नावेत अजून दोघांची जागा आहे, पण जॅकेट ज्याचे त्याने आणायचे.

आपापल्या गावच्या नदीविषयी जरूर लिहा. तिच्यावर चार दिवस राहता येईल का? नसेल येत, तर नेमके काय आडवे येते?